पोट काय सांगते, जठर काय करते : प्रस्तावना

जुनाट अपचनाचा रुग्ण तपासणीला येतो तेव्हा त्याच्याजवळ बहुधा अहवालांची जाडजूड फाइल असते. सोनोग्राफी झालेली असते, रक्त तपासून झालेले असते, दुर्बीण घालून जठर पाहून झालेले असते, आणि प्रत्येक कागदावर ‘नॉर्मल’ असा शेरा असतो. तक्रार मात्र जशीच्या तशी. चार घास खाल्ले की पोट भरते आणि ताट अर्धवट सोडून उठावे लागते. दुपारचे जेवण संध्याकाळपर्यंत पोटातच बसून राहिल्यासारखे वाटते. बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधल्या खळग्यात दुखते किंवा आग पडते. करपट ढेकरा, मळमळ, पोट डब्ब होणे हे सगळे सोबतीला. अशा माणसाला दोन उत्तरे ठरलेली मिळतात. घरात सांगतात, ‘तू फार विचार करतोस.’ दवाखान्यात सांगतात, ‘ॲसिडिटी आहे, गोळ्या घ्या.’ पहिल्या उत्तराने माणूस दुखावतो. दुसऱ्याने काही दिवस बरे वाटते, पुष्कळदा तेही वाटत नाही.

या दोन्ही उत्तरांत न मावणारा जो मोठा भाग उरतो, त्याबद्दल हे पुस्तक आहे. त्यातला मुख्य प्रश्न साधा दिसतो. रुग्णाला जे जाणवते ते आणि त्याचे जठर प्रत्यक्षात जे करत असते ते, या दोहोंचा संबंध काय? पोट जड वाटते म्हणजे अन्न खरोखरच पुढे सरकत नाही का? लवकर पोट भरते म्हणजे जठर लहान झाले का? जळजळ होते म्हणजे आम्ल वाढले का? गेल्या तीस-चाळीस वर्षांत या प्रश्नांवर बारकाईने काम झाले आहे. त्यातून आलेली उत्तरे रुग्णांच्या आणि डॉक्टरांच्याही रूढ समजुतींना धक्का देणारी आहेत. मराठी वाचकापर्यंत ती पुरेशी पोहोचलेली नाहीत, म्हणून हा खटाटोप.

आधी कोणत्या आजाराविषयी बोलतो आहोत ते ठरवून घेऊ. पचनसंस्थेच्या अशा विकारांसाठी जगभर ‘रोम निकष’ वापरले जातात. त्यांची चौथी आवृत्ती २०१६ साली आली. तिच्यानुसार चार लक्षणे मुख्य धरतात : जेवणानंतर त्रास देणारे जडपण, नेहमीचे जेवण पुरे होण्याआधीच पोट भरणे, पोटाच्या वरच्या मध्यभागी दुखणे आणि त्याच जागी जळजळणे. यांपैकी किमान एक लक्षण गेले तीन महिने टिकून असावे, त्याची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी, आणि एंडोस्कोपीसह नेहमीच्या तपासण्यांत त्याचे कारण सापडू नये. अशा आजाराला वैद्यकात ‘फंक्शनल डिस्पेप्सिया’ म्हणतात. पहिली दोन लक्षणे जेवणाशी बांधलेली आहेत, म्हणून त्यांचा एक गट केला आहे. दुखणे आणि जळजळ यांचा दुसरा. छातीच्या हाडामागे वर चढणारी जळजळ हा सहसा अन्ननलिकेचा विषय आहे आणि तो येथे वेगळा ठेवला आहे.

हा आजार दुर्मीळ नाही. मुंबईतल्या सर्वसामान्य लोकांची एक पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे ३० टक्के लोकांना अपचनाची काही ना काही तक्रार असल्याचे आढळले. अपचनासाठी एंडोस्कोपी केलेल्या बहुसंख्य माणसांत ना अल्सर सापडतो, ना कर्करोग. म्हणजे ‘नॉर्मल’ शेऱ्याची फाइल घेऊन फिरणारा रुग्ण हा अपवाद नाही. बहुसंख्या त्याचीच आहे.

एंडोस्कोपीत काय दिसते हे नीट समजले तर या शेऱ्याचा अर्थही कळतो. ही तपासणी उपाशीपोटी करतात. तिच्यात जठराचे आतले अस्तर दिसते, व्रण, सूज किंवा गाठ असेल तर ती दिसते. जठर अन्न आल्यावर कसे वागते हे तिच्यात दिसत नाही. थांबलेल्या जात्याची पाळी तपासून ते दळते कसे हे सांगता येत नाही, तसेच हे आहे. ‘नॉर्मल’ या शेऱ्याचा खरा अर्थ ‘रचनेत दोष नाही’ एवढाच. कार्याविषयी तो काहीच सांगत नाही.

आणि जठराचे कार्य गुंतागुंतीचे आहे. उपाशी असताना जठर आक्रसलेले असते. घास गिळला जातो तसा व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत निरोप पोहोचतो आणि जठराचा वरचा भाग सैल पडतो. तो इतका सैल पडतो की सुमारे लिटरभर अन्न आत आले तरी आतला दाब फारसा वाढत नाही. हे सैलावणे आपोआपचे ताणले जाणे नव्हे. मज्जातंतूंनी घडवून आणलेली ती क्रिया आहे आणि तिच्यात नायट्रिक ऑक्साइड या रेणूचा मोठा वाटा असतो. खालचा भाग दळण्याचे काम करतो. तेथे दर मिनिटाला सुमारे तीन लाटा उठतात. त्यांचा ताल ‘काहालच्या पेशीं’पासून येतो. घन अन्नाचे एक-दोन मिलिमीटरचे कण होईपर्यंत खालचे दार, म्हणजे पायलोरस, त्याला पुढे जाऊ देत नाही. पाणी लवकर निघून जाते. घन अन्नाला वेळ लागतो, पण चार तासांनी निरोगी जठरात हलक्या जेवणाचा दहाव्या हिश्शाहून अधिक भाग सहसा उरत नाही. या साऱ्या वेगावर ताबा असतो पुढच्या आतड्याचा. लहान आतड्याच्या पहिल्या भागात, ड्युओडेनममध्ये, स्निग्ध पदार्थ पोहोचले की तेथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटते आणि जठराला हळू चालण्याचा हुकूम मिळतो.

हे सारे कळायला शतके लागली. १८२२ साली उत्तर अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण त्याच्या पोटावर थेट जठरात उघडणारे छिद्र कायमचे राहिले. लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांनी त्या छिद्रातून वर्षानुवर्षे पचन पाहिले आणि १८३३ साली आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने छापली. सेंट मार्टिन चिडलेला असला की पचन बिघडते, हेही त्यांनी नोंदवले होते. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर लगेचच हार्वर्डमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या वॉल्टर कॅनन यांनी मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन जठराच्या लाटा पाहिल्या. मांजर अस्वस्थ झाले की लाटा थांबत. पुढे न्यूयॉर्कमध्ये स्ट्यूअर्ट वुल्फ आणि हॅरॉल्ड वुल्फ यांनी असेच छिद्र असलेल्या ‘टॉम’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाचा अभ्यास केला आणि १९४३ साली तो प्रसिद्ध केला. भीतीने त्याच्या जठराचे अस्तर फिके पडे. रागाने ते लाल होई आणि स्राव वाढे.

आपल्याकडे ही जाण फार जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या ‘त्रिविधकुक्षीय’ अध्यायात पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वात-पित्त-कफांसाठी ठेवायला सांगितले आहे. योग्य प्रमाणात घेतलेले हितकर अन्नसुद्धा चिंता, शोक, भय आणि क्रोध यांमुळे पचत नाही, असेही तेथे म्हटले आहे. आजच्या शोधांचे श्रेय चरकाला द्यावे असा माझा आग्रह नाही. जठराला जागा लागते आणि मनाच्या अवस्थेचा त्याच्यावर परिणाम होतो, ही दोन निरीक्षणे शहाण्या वैद्यांनी पूर्वीपासून केली होती, एवढेच मला नोंदवायचे आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जठराचे कार्य मोजता येऊ लागले. किरणोत्सर्गी टेक्निशियम मिसळलेले अंड्याचे जेवण देऊन ते किती वेळात पुढे जाते हे गॅमा कॅमेऱ्याने पाहतात. ‘बॅरोस्टॅट’ या उपकरणात जठरात पातळ पिशवी सोडून तिच्यातला दाब स्थिर ठेवतात आणि जेवणानंतर जठर किती सैलावते ते मोजतात. तीच पिशवी हळूहळू फुगवून किती ताणावर माणसाला त्रास जाणवतो तेही मोजतात. या मोजमापांतून तीन बिघाड पुढे आले. इटलीतल्या बोलोन्या येथे १९९६ साली तीनशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश जणांत जठर उशिरा रिकामे होत होते, आणि त्यांच्यात जेवणानंतरचे जडपण आणि उलट्या अधिक होत्या. बेल्जियममधल्या ल्यूवेन येथे यान टाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले, की सुमारे ४० टक्के रुग्णांत जठर जेवणानंतर पुरेसे सैलावत नाही, आणि लवकर पोट भरणे व वजन घटणे यांच्याशी त्याचा संबंध आहे. त्याच गटाला २००१ साली सुमारे एक तृतीयांश रुग्णांत अतिसंवेदनशीलता आढळली. निरोगी माणसाला जो ताण जाणवतही नाही, त्याने या रुग्णांना दुखत होते.

चित्र सुबक होते. जडपण म्हणजे मंद जठर, लवकर पोट भरणे म्हणजे न सैलावणारे जठर, दुखणे म्हणजे हळवे जठर. प्रत्येक लक्षणाला एक बिघाड आणि प्रत्येक बिघाडाला एक औषध, अशी आशा निर्माण झाली.

ती आशा टिकली नाही, आणि का टिकली नाही हे सांगणे हा या पुस्तकाचा गाभा आहे. रुग्णांची संख्या वाढली तशा या जोड्या विसविशीत झाल्या. ल्यूवेनच्याच गटाने २०१७ साली पाचशेहून अधिक रुग्णांचा आढावा घेतला. जेवणाशी बांधलेल्या लक्षणांचा गट, दुखण्या-जळजळीचा गट आणि दोन्ही असलेल्यांचा गट या तिन्हींत तिन्ही बिघाड जवळपास सारख्याच प्रमाणात सापडले. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास २०२१ साली आला. त्यात ‘गॅस्ट्रोपॅरेसिस’, म्हणजे जठर मंदावण्याचा आजार, असे निदान झालेल्या आणि ‘फंक्शनल डिस्पेप्सिया’ असे निदान झालेल्या रुग्णांची ४८ आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली. पहिल्या गटातल्या ४२ टक्के लोकांचे जठर आता वेळेवर रिकामे होत होते. दुसऱ्या गटातल्या ३७ टक्के लोकांचे मंदावले होते. दोन्ही गटांच्या तक्रारी मात्र सारख्याच तीव्र राहिल्या होत्या.

यावरून ‘जठराच्या कार्याचा लक्षणांशी संबंधच नाही’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. काटेकोर पद्धतीने, घन अन्न देऊन, पुरेसा वेळ मोजमाप केलेले अभ्यास एकत्र पाहिले, तर मंद जठर आणि मळमळ, उलटी, जडपण यांचा संबंध दिसतो. फक्त तो सैल आहे. एकेका रुग्णाच्या लक्षणावरून त्याच्या जठराची गती सांगता येईल इतका तो घट्ट नाही.

असे का व्हावे? पहिले कारण असे, की तपासणी एका दिवसाच्या एका जेवणाची असते आणि आजार वर्षानुवर्षांचा. दुसरे असे, की एकाच माणसात दोन-तीन बिघाड एकत्र नांदू शकतात. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे वाटते. लक्षण जठरात पूर्ण होत नाही. जठरातून निघालेला निरोप मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत जातो, वाटेत तो वाढतो किंवा दबतो, आणि मग तो ‘जडपण’ किंवा ‘आग’ म्हणून आपल्याला जाणवतो. सारखाच ताण एका माणसाला तृप्तीसारखा वाटेल आणि दुसऱ्याला असह्य होईल. दोघेही खरेच सांगत असतात.

अलीकडे संशोधकांची नजर जठरावरून पुढे, ड्युओडेनमकडे वळली आहे. २००७ साली स्वीडनमधल्या लोकांच्या अभ्यासात अपचनाच्या रुग्णांच्या ड्युओडेनममध्ये इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी अधिक आढळल्या. साध्या एंडोस्कोपीत तेथे काही वावगे दिसत नाही, पण सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दाह दिसतो. पोटाच्या संसर्गानंतर सुरू होणाऱ्या अपचनाचा उलगडाही कदाचित येथूनच होईल. स्पेनमध्ये २००२ साली साल्मोनेलाची साथ आली होती. वर्षभरानंतर, साथीत सापडलेल्यांमध्ये अपचनाचे प्रमाण इतरांच्या सुमारे पाचपट होते. ‘त्या लग्नात जेवलो आणि तेव्हापासून पोट बिघडले ते बिघडलेच’ असे सांगणाऱ्या रुग्णाचे म्हणणे आपण किती सहज उडवून लावतो!

मनाचा वाटाही तितकाच खरा आहे, पण तो एकाच दिशेने वाहत नाही. ऑस्ट्रेलियात बारा वर्षे चाललेल्या एका पाहणीत सुरुवातीला चिंता असलेल्या पण पोटाची तक्रार नसलेल्या लोकांत पुढे पोटाचे विकार अधिक झाले. त्याच वेळी सुरुवातीला पोटाची तक्रार असलेल्या पण मनाने स्वस्थ लोकांत पुढे चिंता आणि खिन्नता वाढली. तेव्हा ‘तू विचार करतोस म्हणून पोट बिघडते’ हे वाक्य फार तर अर्धे खरे आहे. पोट बिघडते म्हणून विचार वाढतात, हा त्याचा दुसरा अर्धा भाग घराघरांत ऐकला गेला पाहिजे.

उपचारांची गोष्ट याच धाग्याने पुढे जाते. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी काही रुग्णांना खरोखर बरे वाटते, पण न वाटल्यास मात्रा वाढवत नेण्यात अर्थ नसतो. १९८२ साली पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वाढवून दाखवला, २००५ साली त्यांना नोबेल मिळाले, आणि अल्सरचा उपचार पालटला. अपचनात त्याचा लाभ बेताचा आहे. जंतू असलेल्या सुमारे चौदा जणांना औषध द्यावे तेव्हा त्यामुळे एकाची लक्षणे दूर होतात. जठराची गती वाढवणाऱ्या इटोप्राइडने २००६ साली मोठी आशा दाखवली, पण नंतरच्या मोठ्या चाचण्यांत ते साखरेच्या गोळीहून सरस ठरले नाही. जठराच्या सैलावण्याला मदत करणारे अकोटियामाइड जपानने २०१३ साली मंजूर केले. जेवणानंतरच्या जडपणात ते काहींना उपयोगी पडते.

सर्वांत बोलका निकाल २०१५ सालचा आहे. अमिट्रिप्टिलिन हे औदासीन्यावरचे जुने औषध कमी मात्रेत दिले, तेव्हा ५३ टक्के रुग्णांना पुरेसा आराम पडला. नुसत्या साखरेच्या गोळीने ४० टक्क्यांना पडला होता. फायदा झाला तो मुख्यतः दुखणे प्रधान असलेल्यांना. ज्यांचे जठर मंद होते त्यांना तो झाला नाही. म्हणजे लक्षणांचे नीट वर्गीकरण आणि कार्याचे मोजमाप दोन्ही हाताशी असेल, तर औषध निवडायला मदत होते. आणि साखरेच्या गोळीने ४० टक्क्यांना आराम पडला याचा अर्थ त्यांचा आजार खोटा होता असा नव्हे. कोणीतरी नीट ऐकून घेते, नियमित विचारपूस करते, याचा परिणामही मेंदू आणि जठर यांच्या त्याच वाटेने होत असतो.

आहाराविषयी आपल्याकडे सल्ल्यांची रेलचेल आहे, म्हणून दोन गोष्टी शरीरक्रियेच्या आधाराने सांगतो. स्निग्ध पदार्थ ड्युओडेनममध्ये पोहोचले की जठराला मंद करतात आणि अधिक हळवेही करतात. दाण्याचे कूट आणि तूप सढळ घातलेली साबुदाण्याची खिचडी उपवासाची असली तरी पोटाला हलकी नसते. उशिराच्या लोकलने घरी येऊन दहा वाजता भरपेट जेवायचे आणि लगेच आडवे व्हायचे, हा महानगरातला दिनक्रम न सैलावणाऱ्या जठरावर फार जुलूम करतो. असे जठर असलेल्याने थोडे थोडे, वेळ घेऊन खावे. तिखटाची कथा निराळी आहे. मिरचीतले कॅप्सेसिन संवेदना नेणाऱ्या तंतूंना चेतवते, पण सतत मिळाले की तेच तंतू बधिर होतात. इटलीतल्या २००२ सालच्या एका छोट्या अभ्यासात पाच आठवडे रोज लाल मिरचीची पूड कॅप्सूलमधून दिली. सुरुवातीला त्रास वाढला, नंतर तो साखरेच्या गोळीपेक्षा अधिक कमी झाला. म्हणून कोणी मिरचीचा ठेचा औषध म्हणून खाऊ नये. मात्र प्रत्येक रुग्णाचे ताट सरसकट फिके करण्याची सक्तीही करू नये. ज्याला जे बाधते ते त्याने टाळावे.

एक इशारा ठळकपणे द्यायलाच हवा. या पुस्तकातले विवेचन तपासणी झालेल्या रुग्णांसाठी आहे. वजन विनाकारण घटत असेल, गिळताना अडकत असेल, वारंवार उलट्या होत असतील, उलटीतून रक्त पडत असेल, शौचास डांबरासारखे काळे होत असेल, रक्त कमी झाले असेल, पोटात गाठ लागत असेल, घरात कोणाला जठराचा कर्करोग झाला असेल किंवा उतारवयात तक्रार नव्याने सुरू झाली असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे. वेदनाशामक गोळ्या नियमित घेणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी ते आवर्जून सांगावे. चालताना किंवा जिना चढताना वरच्या पोटात दुखत असेल, अचानक दाटून येऊन घाम फुटत असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. त्याला गॅस म्हणून सोडा पाजत बसू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

पुढच्या प्रकरणांची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात जठराचे कार्य, दुसऱ्यात ते मोजण्याच्या पद्धती आणि त्यांच्या मर्यादा, तिसऱ्यात एकेक लक्षण घेऊन त्यामागे काय असू शकते आणि काय गृहीत धरू नये याची चर्चा, आणि चौथ्यात उपचार. ज्यांना स्वतःला त्रास आहे त्यांनी तिसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. आपली तक्रार नेमक्या शब्दांत कशी सांगावी, हे तेथे कळेल. जडपण जेवताना येते की जेवणानंतर, दुखणे उपाशीपोटी वाढते की खाल्ल्यावर, आठवड्यातून किती दिवस, झोपेतून उठवते का : ही माहिती पुष्कळदा आणखी एका महागड्या तपासणीहून अधिक उपयोगाची ठरते.

लक्षणावरून जठराचे कार्य ओळखता येत नाही, आणि जठराच्या अहवालावरून माणसाचा त्रास मोजता येत नाही. या पुस्तकातले हे एकच सूत्र वाचकाने पक्के धरले, तरी ते लिहिल्याचे सार्थक होईल. डॉक्टरांनी ते धरले तर ‘नॉर्मल’ शेऱ्यापाशी त्यांची चौकशी संपणार नाही. रुग्णाने धरले तर तो अहवालांच्या मागे धावणे थांबवील आणि आपल्या त्रासाबद्दल कोणाची क्षमा मागणार नाही. घरच्यांनी धरले तर ताट अर्धवट सोडून उठणाऱ्या माणसाला ते नखरेल म्हणणार नाहीत. जुनाट अपचनाने सहसा जीव जात नाही. पण रोजच्या जेवणाचे सुख ते हिरावून घेते, आणि ते सुख परत मिळवून देणे हे वैद्यकाचे काम आहे असे मी मानतो.